काटा खोटं बोलायला लागतो तेव्हा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही विचारलंय की प्रवासी विमानात वेग मोजायच्या तीन-तीन स्वतंत्र व्यवस्था असतात, तरी वेगाचा आकडा चुकला म्हणून अख्खं विमान पडतं कसं? आणि बिघाड यंत्रात असताना अहवालात शेवटी 'वैमानिकाची चूक' हेच का येतं? जाता जाता लिहिलंय की मुलगी सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, करून आली आहे आणि आता ए-320च्या टाइप रेटिंगला, म्हणजे त्या एका प्रकारच्या विमानासाठीच्या खास प्रशिक्षणाला, बसणार आहे. बापाची काळजी त्या शेवटच्या ओळीत आहे हे मला दिसलं, त्यामुळे उत्तर थोडं तिच्यासाठीही लिहितोय.

मी एकोणतीस वर्षं विमानं उडवली. आधी बोइंग 737, मग ए-320. आता सिम्युलेटरवर पोरांना शिकवतो. तुम्ही 'यंत्राची चूक की माणसाची' असं विचारलंत, पण या दोन गोष्टी प्रत्यक्षात अशा वेगळ्या काढता येत नाहीत. खोटा आकडा माणसाच्या डोक्यात एक गोष्ट रचतो. ती एकदा रचली गेली की पुढचे खरे आकडे तो त्या गोष्टीत कोंबायला लागतो, आणि जे कोंबता येत नाहीत त्यांना खोटं ठरवतो. मी वाचलेल्या बहुतेक अहवालांत विमान पडलंय ते या दुसऱ्या पायरीवर.

आधी यंत्र समजून घ्या. विमानाच्या नाकाजवळ बोटाएवढ्या जाडीच्या नळ्या असतात, तोंड समोर. त्या पिटो ट्यूब. समोरून येणारी हवा त्यांच्यात दाबली जाते. बाजूच्या पत्र्यावर बारीक भोकं असतात, ते स्टॅटिक पोर्ट. ते बाहेरच्या स्थिर हवेचा दाब घेतात. दोन दाबांतल्या फरकावरून वेग काढतात, नुसत्या स्टॅटिक दाबावरून उंची. मधले संगणक कितीही भारी असोत, सगळा डोलारा या भोकांवर उभा आहे.

आता पिटोची नळी पूर्ण बुजली तर काय होतं पाहा. आत दाब कोंडून राहतो. विमान वर चढतं तसा बाहेरचा स्टॅटिक दाब कमी होतो, म्हणजे दोन्हींतला फरक वाढत जातो, आणि वेग वाढतोय असं दिसतं. प्रत्यक्षात तो वाढलेला नसतो. वेगाचा काटा गुपचूप उंचीचा काटा होऊन बसतो. शून्यावर पडलेला काटा लगेच ओळखू येतो. हा मात्र व्यवस्थित हलतो, पटण्याजोगे आकडे दाखवतो, आणि म्हणूनच घात करतो.

1996च्या 6 फेब्रुवारीला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून बिर्गेनएअर कंपनीचं बोइंग 757 निघालं. ते काही दिवस जमिनीवर उभं होतं आणि पिटोवर आवरणं घातलेली नव्हती. तपास करणाऱ्यांचा संशय एका माशीवर गेला. आपल्याकडे खिडकीच्या चौकटीत किंवा बंद प्लगच्या भोकात मातीचं घर बांधते ना, ती कुंभारीण, तिच्याच जातीची. नळ्या समुद्रातून वर काढता आल्या नाहीत, त्यामुळे माती कुणी डोळ्यांनी पाहिली नाही, पण बाकीचा पुरावा तिकडेच बोट दाखवत होता. आपला स्पीड इंडिकेटर चालत नाही हे कॅप्टनच्या धावपट्टीवरच लक्षात आलं होतं. तरी त्याने उड्डाण चालू ठेवलं. हवेत गेल्यावर काटा हलायला लागला, तेव्हा वाटलं असणार की सुटलो.

पुढे कॅप्टनच्या बाजूला 350 नॉट्स (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर), को-पायलटच्या बाजूला 200च्या आसपास. खरा आकडा को-पायलटचा. पण ऑटोपायलट कॅप्टनच्या बाजूचा आकडा खात होता. त्याला वाटलं वेग फार झाला, म्हणून त्याने नाक वर केलं आणि इंजिनांची ताकद कमी झाली. एकीकडे वेग जास्त असल्याची घंटा, तर दुसरीकडे वेग फार कमी झाल्याचं सांगत थरथरणारा कंट्रोल कॉलम. विमान समुद्रात गेलं. 189 जण होते, एकही वाचला नाही.

याच जागी माझी एक कबुली. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट, कंपनी आणि गाव सांगत नाही. पावसाळा नुकताच संपला होता आणि विमान एका छोट्या विमानतळावर तीन दिवस उभं होतं. 737मध्ये उड्डाणाच्या धावेत 80 नॉट्सला एक हाक द्यायची असते. हाक देणाऱ्याने स्वतःचा आकडा वाचायचा आणि दुसऱ्याने स्वतःच्या समोर तोच आकडा आहे का ते बघायचं. को-पायलट म्हणाला, "एटी नॉट्स." माझ्यासमोर साठ सुद्धा नव्हते. आता खरं सांगतो, अर्धा सेकंद माझ्या मनात आलं की त्याचा आकडा चालतोय, हवेत गेलो की बघू. मागे दीडशे माणसं, आधीच उशीर झालेला. हात मात्र थ्रॉटलवर होता आणि सवयीने तो मागे आला. थांबलो. इंजिनिअरने टॉर्च मारली तर माझ्या बाजूच्या नळीत माती, आणि हीटरने ती भाजून विटेसारखी घट्ट झालेली. तारेने खरवडून काढावी लागली. चार तास उशीर, प्रवाशांच्या शिव्या, आणि विमानाभोवतीच्या माझ्या फेरीत मी ते भोक नीट पाहिलं नव्हतं ही टोचणी. संध्याकाळचा उजेड होता, नळीचं तोंड मला काळं दिसलं, काळं म्हणजे मोकळं असं मी धरून चाललो. म्हणून बिर्गेनएअरच्या कॅप्टनला मूर्ख म्हणणाऱ्यांत मी नाही. त्याच्या आणि माझ्यात अर्ध्या सेकंदाचंच अंतर होतं.

स्टॅटिक पोर्ट बुजले तर प्रकरण याहून वाईट, कारण मग वेग आणि उंची दोन्ही जातात. त्याच वर्षी, 2 ऑक्टोबर 1996ला, एरोपेरूचं 757 मध्यरात्रीनंतर लिमाहून सान्तियागोला निघालं. विमान धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून स्टॅटिक पोर्टवर चिकटपट्टी लावली होती. धुणं झालं, पट्टी काढायची राहिली. रात्रीच्या अंधारात चकाकत्या पत्र्यावरची ती पट्टी कुणाच्या नजरेला पडली नाही. वर गेल्यावर कॉकपिटमध्ये एकच गोंधळ. वेग जास्त, वेग कमी, जमीन जवळ, सगळ्या घंटा एकदम. वैमानिकांनी टॉवरला आपली उंची विचारली. टॉवरने 9,700 फूट सांगितली. दोन जागांहून एकच आकडा आला म्हटल्यावर कुणालाही तो खराच वाटेल. पण टॉवरच्या पडद्यावरची उंची विमानातला ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला उत्तर देणारं यंत्र, हाच पाठवतो, आणि तो त्याच बुजलेल्या भोकांवरून घेतो. म्हणजे एकाच खोटारड्याला दोनदा विचारल्यासारखं झालं. विमानाचा डावा पंख पॅसिफिकच्या पाण्याला घासला तेव्हा कॅप्टनसमोरचा काटा 9,700च दाखवत होता. 70 माणसं गेली.

त्या विमानात एक यंत्र शेवटपर्यंत खरं बोलत होतं. रेडिओ अल्टिमीटर खाली रेडिओलहरी सोडतो आणि परत येणाऱ्या लहरीवरून उंची मोजतो. त्याचा हवेच्या दाबाशी संबंध नाही. 'जमीन जवळ आहे' हा इशारा त्याच्याच जोरावर येत होता. पण इतकी यंत्रं खोटी ठरल्यावर तो इशाराही खोट्यांच्याच ढिगात गेला. सिमवर मी पोरांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो, "हा आकडा कुठून येतो?" कुठल्या भोकातून, कुठल्या संगणकातून. आकडे किती आहेत हे मोजू नका, त्यांची मुळं किती आहेत ते मोजा.

तीन व्यवस्थांच्या तुमच्या मुद्द्याचं उत्तरही इथेच आहे. तिघांपैकी एक चुकला तर संगणक त्याला बाजूला काढतो, आणि रोजच्या रोज जगात कुठे ना कुठे हे होत असतं, बातमीही होत नाही. पण दोघे सारखेच चुकले तर? नोव्हेंबर 2014मध्ये बिल्बाओहून म्युनिकला निघालेल्या लुफ्तान्साच्या ए-321वर नेमकं हेच झालं. विमानाचा हवेशी असलेला कोन मोजणारे दोन सेन्सर गोठून सारख्याच जागी अडकले. संगणकाने बहुमत मानलं, बरोबर असलेल्या तिसऱ्याला बाद केलं आणि विमान वाचवायच्या नावाखाली नाक खाली दाबलं. 4,000 फूट खाली आल्यावर वैमानिकांनी ते सावरलं आणि म्युनिकला सुखरूप उतरले.

आता सगळ्यात जास्त चर्चा होते ते एअर फ्रान्स 447. 1 जून 2009, रिओहून पॅरिस, ए-330, 228 माणसं. 35,000 फुटांवर, अटलांटिकवरच्या वादळी ढगांत, पिटो ट्यूबमध्ये बर्फाचे कण अडकले. वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनात म्हणून ऑटोपायलट सुटला. कॅप्टन विश्रांतीला गेलेला, पुढे दोन को-पायलट.

यात लोकांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. त्या वेळी फक्त वेग गेला होता. हॉरायझन (विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र) ठीक होता, इंजिनं ठीक होती, उंचीचा काटा जवळपास ठीक होता. आणि वेगाचे आकडे सुद्धा एका मिनिटाच्या आत परत आले. नाक जिथे होतं तिथे, इंजिनं होती तशी, असं कुणी मिनिटभर ठेवलं असतं तर विमान चालत राहिलं असतं, कारण क्षणापूर्वी त्याच नाकाने आणि त्याच ताकदीने ते चालत होतं. पण डाव्या-उजव्या जागांवर बसलेल्यांपैकी ज्याच्या हातात विमान होतं त्याने स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करायचा दांडा, मागे ओढली आणि विमान 38,000 फुटांच्या आसपास चढलं. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की चढताना वेग भसाभस जातो. मग स्टॉल.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे, हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. एसटीच्या खिडकीतून तळहात आडवा बाहेर काढा. पुढची कड थोडी वर केली की हात उचलला जातो. फार वर केली की हात मागे फेकला जातो, उचलला जात नाही. पंखाचं तेच होतं. उपायही तोच, कड खाली करायची, म्हणजे नाक खाली. 447मध्ये नाक जवळजवळ शेवटपर्यंत वर ओढलेलं राहिलं आणि विमान मिनिटाला दहा हजार फुटांच्या वेगाने पोटावर पडत गेलं. ऑटोपायलट सुटल्यापासून पाणी लागेपर्यंत चार मिनिटं तेवीस सेकंद.

मग स्टॉलची घंटा वाजत नव्हती का? वाजत होती, सुरुवातीला तर 54 सेकंद सलग. पण त्या व्यवस्थेत एक मेख होती. मोजलेला वेग 60 नॉट्सच्या खाली गेला की संगणक कोनाचा आकडा अवैध धरायचा आणि घंटा थांबायची. म्हणजे विमान सगळ्यात वाईट अवस्थेत असताना शांतता. आणि कुणी चुकून नाक खाली केलं, म्हणजे योग्य तेच केलं, की वेग वाढून घंटा परत चालू! योग्य केलं की ओरडायचं आणि चुकीचं केलं की गप्प बसायचं, असा मास्तर असला तर पोरगं काय शिकणार? शिवाय एअरबसच्या दोन साइडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात. शेजारचा मागे ओढून बसलाय हे दुसऱ्याच्या हाताला कळत नाही. रेकॉर्डर दोन वर्षांनी, सुमारे 3,900 मीटर खोल समुद्राच्या तळाशी सापडले तेव्हा कुठे हे सगळं उलगडलं.

हाच प्रसंग मी सिमवर देतो. सांगून दिला तर सगळे पास होतात. एकदा एका हुशार पोराला मी न सांगता दिला. तो कॉफीबद्दल काहीतरी बोलत होता. खटकन ऑटोपायलट सुटला, लाल दिवा, घंटा, वेगाच्या पट्टीवर लाल अक्षरं. त्याचा हात स्टिकवर गेला आणि मागे आला, दोन इंच. मी सिम थांबवलं आणि विचारलं, "का ओढलंस?" म्हणाला, "सर, ओढलं का मी?" त्याला ठाऊकच नव्हतं. दचकलेला माणूस मुठी आवळतो आणि स्वतःकडे ओढतो, आणि वर जाणं म्हणजे सुरक्षित जाणं हे तर पहिल्या दिवसापासून मनात बसलेलं असतं. हे अज्ञान नव्हे, ते शरीर आहे. म्हणून उपायही शरीराला शिकवावा लागतो. मी सांगतो, घंटा वाजली की बोटांच्या टोकांनी धरायचं, मुठीत धरायचं नाही. मुठीत धरलेली स्टिक ओढली जातेच.

आणि मग दोन आकडे, नाकाचा कोन आणि इंजिनाची ताकद. विशिष्ट कोन आणि विशिष्ट ताकद असली की विमानाचा वेग ठरलेला असतो, काटा काहीही म्हणो. 737मध्ये आम्ही पाठ केलेले आकडे होते: फ्लॅप (कमी वेगात उचल वाढवायला पंखातून बाहेर येणारे पत्रे) बाहेर असतील तर 10 अंश आणि 80 टक्के, फ्लॅप आत असतील तर 4 अंश आणि 75 टक्के. ए-320मध्ये धोका जाणवत असेल तर उड्डाणानंतर लगेच 15 अंश आणि पूर्ण ताकद, ताकद कमी करायची उंची ओलांडल्यावर दहा हजार फुटांखाली 10 अंश, त्याच्या वर 5 अंश, दोन्हींना क्लाइंबची, म्हणजे चढताना वापरायची, ताकद. हे तात्पुरते आकडे आहेत, श्वास घ्यायला मिळावा म्हणून. मग शांतपणे तक्ता काढून वजनाप्रमाणे नेमके आकडे लावायचे. क्रूझमध्ये सरळ उडताना मात्र हे आकडे आंधळेपणाने लावायचे नाहीत. तिथे 'काहीही बदलू नकोस' हेच सहसा उत्तर असतं. म्हणजे परिस्थिती बघावीच लागते. जमिनीजवळ आहात की वर, ढगात की बाहेर, रात्र की दिवस, यावर बरंच अवलंबून असतं, आणि ते ओळखायला जेमतेम काही सेकंद असतात.

आता एक घरची गोष्ट. 1 जानेवारी 1978. आम्ही पार्ल्यात राहायचो, मी अकरावीत होतो. रात्री बातमी आली की सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं जंबो, 'एम्परर अशोक', वांद्र्याजवळ समुद्रात पडलं. 213 माणसं. दुसऱ्या दिवशी आमच्या चाळीत प्रत्येकाला खात्री होती की बॉम्बच असणार. बॉम्ब नव्हता. उड्डाणानंतर कॅप्टनने उजवीकडे हलकं वळण घेतलं आणि विमान पुन्हा सरळ केलं. विमान सरळ झालं, पण त्याच्यासमोरचा एडीआय, म्हणजे ज्याला आम्ही अजून हॉरायझनच म्हणतो ते यंत्र, उजवीकडे कललेलंच राहिलं. त्याला वाटलं अजून वळतोय. त्याने डावीकडे दिलं. काटा हलेना, म्हणून आणखी डावीकडे. विमान डाव्या कुशीवर नव्वद अंशांच्या पलीकडे गेलं आणि उड्डाणापासून 101 सेकंदांत पाण्यात.

वरळी किंवा वांद्र्याच्या किनाऱ्यावरून रात्री समुद्राकडे बघा, आकाश कुठे संपतं ते कळत नाही. विमानातून तर किनाऱ्याचे दिवे मागे गेले की समोर नुसता काळोख. त्यात कानातला तोल सांभाळणारा अवयव मदतीला येत नाही, उलट फसवतो. वळण हळू आणि सावकाश असलं तर थोड्या वेळाने तो 'सरळ आहोत' असंच सांगतो. म्हणून आम्हाला पहिल्या दिवसापासून घोकवलेलं असतं की शरीरावर नको, यंत्रावर विश्वास ठेव. आणि नेमकं तेच यंत्र बिघडलं! त्या कॅप्टनने शिकवल्याप्रमाणेच केलं होतं, हे मला अजून बोचतं.

वाचायची वाट होती का? होती. को-पायलटसमोर वेगळा हॉरायझन होता, आणि मध्ये तिसरा, राखीव. तिघांकडे एकदा नजर फिरली असती तर दोन विरुद्ध एक कळलं असतं. पण आपल्यासमोरच्या यंत्राने एक गोष्ट सांगितलेली असताना मान वळवून दुसरं बघायला जो दीड सेकंद लागतो, तो सहजी मिळत नाही. चौकशीचा निष्कर्ष असाच होता: कॅप्टनचा एडीआय बिघडला, विमानाच्या स्थितीचं भान सुटलं, आणि बाकीच्या यंत्रांच्या आधारे ताबा मिळवता आला नाही. यात यंत्र किती आणि माणूस किती ते तुम्हीच सांगा.

जवळपास हेच सुमारे 22 वर्षांनी, 22 डिसेंबर 1999ला, लंडनजवळच्या स्टॅनस्टेडवरून रात्री निघालेल्या कोरियन एअरच्या मालवाहू 747वर घडलं. या वेळी दोन्ही बाजूंचे आकडे जुळत नाहीत हे सांगणारी घंटाही वाजत होती. फ्लाइट इंजिनिअर 'बँक', म्हणजे विमान कललंय, म्हणून ओरडत होता. को-पायलट, ज्याच्यासमोर खरा आकडा होता, तो मात्र गप्प होता. कॅप्टन वयाने मोठा, हुद्द्याने मोठा. चौघे गेले.

ही गप्प बसण्याची गोष्ट आपल्याला परकी नाही. आपल्याकडे को-पायलट म्हणतो, "सर, जरा स्पीड बघता का?" त्यात आदर आहे, पण माहिती नाही. सर बघतील, त्यांच्यासमोर त्यांचा आकडा असेल, ते म्हणतील ठीक आहे. मी मुलांना सांगतो, मत देऊ नका, आकडा द्या. "सर, माझ्याकडे 210, तुमच्याकडे 340." आकड्यात उद्धटपणा नसतो. आणि तरी समोरून हालचाल झाली नाही तर "आय हॅव कंट्रोल" म्हणायचं, 'सर' न लावता. ते वाक्य सिमवर म्हणताना सुद्धा बऱ्याच पोरांचा आवाज चिरकतो. म्हणून मी ते दहा-दहा वेळा म्हणवून घेतो.

'वैमानिकाची चूक' या शब्दांबद्दल आता. आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की अपघाताची चौकशी दोष ठरवण्यासाठी नसते, पुढचा अपघात टाळण्यासाठी असते. पण अहवाल चारशे पानांचा आणि मथळा चार शब्दांचा. त्या चार शब्दांत माणूस सहज बसतो, 60 नॉट्सखाली गप्प होणारी घंटा बसत नाही.

कधीकधी तर हे शब्द सरळ अन्याय असतात. 737 मॅक्स घ्या. 29 ऑक्टोबर 2018ला जकार्ताहून लायन एअर 610, आणि 10 मार्च 2019ला अदिस अबाबाहून इथिओपियन 302. पहिल्यात 189, दुसऱ्यात 157 माणसं. कोन मोजणाऱ्या एका सेन्सरचा आकडा चुकला आणि एमकॅस नावाचं सॉफ्टवेअर त्या एकट्याच्या शब्दावर नाक पुन्हा पुन्हा खाली दाबत राहिलं. लायन एअरच्या वैमानिकांच्या पुस्तकात एमकॅसचं नावही नव्हतं. सुरुवातीला बोटं त्यांच्याकडेच गेली. आदल्या रात्री हेच विमान, हाच बिघाड, पण कॉकपिटमध्ये तिसरा वैमानिक प्रवासी म्हणून बसला होता. विद्युत ट्रिम, म्हणजे शेपटीमार्फत नाक वर-खाली करणारी मोटर, बंद करायचे स्विच टाकले गेले आणि विमान जकार्ताला पोचलं. काहीजण हे उदाहरण 'बघा, जमत होतं' असं सांगायला वापरतात. मला त्यातून उलटं दिसतं. हातपाय विमान सांभाळण्यात अडकलेले नसलेलं तिसरं डोकं होतं म्हणून जमलं. तसं डोकं रोज कुठून आणणार?

दुसऱ्या बाजूचं उदाहरण देऊन टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळे पडतातच. जुलै 2018मध्ये ब्रिस्बेनहून मलेशिया एअरलाइन्सचं ए-330 पिटोची आवरणं काढायची विसरून उडालं. ब्रिस्बेनला कुंभारणींचा त्रास आहे, म्हणूनच ती घातलेली होती. म्हणजे माशीपासून वाचवणारी गोष्टच अंगाशी आली. खालचे लोक चुकले, धावपट्टीवर वेग न दिसूनही वैमानिक वेळेत थांबले नाहीत. पण हवेत गेल्यावर त्यांनी खोट्या आकड्यांचे स्रोत बंद केले, पर्यायी व्यवस्थेवर उडवलं आणि सुखरूप उतरले. चुका तिथेही झाल्या होत्या. फरक इतकाच की खोटा आकडा खोटा आहे हे त्यांनी लवकर मान्य केलं.

आतापर्यंतचं थोडक्यात असं: बिघाड बहुधा छोटा असतो, एक भोक, एक पट्टी, एक सेन्सर. तो पकडायची सगळ्यात स्वस्त जागा जमीन, त्यानंतर 80 किंवा, विमानाप्रमाणे, 100 नॉट्सची हाक. हवेत गेल्यावर नाकाचा कोन, इंजिनाची ताकद, आणि दोघांनी आपापले आकडे मोठ्याने बोलणं, एवढंच हाताशी उरतं.

आता मुलीसाठी. टाइप रेटिंगला जाण्याआधी कॉकपिटचं कागदी पोस्टर मिळतं, ते भिंतीवर लावा आणि समोर खुर्ची ठेवा. तिला रोज दहा मिनिटं तिथे बसून 'अनरिलायबल स्पीड'चे, म्हणजे वेगाचा काटा भरवशाचा नसताना लावायचे, आकडे हात नेऊन म्हणायला सांगा. आकडे तिच्या कंपनीच्या पुस्तकातले, माझ्या या उत्तरातले नकोत, कारण पुस्तकं बदलतात. शेजारच्या जागेवर तुम्ही बसा आणि मध्येच, ती दुसऱ्याच विषयावर बोलत असताना, चुकीचा वेग सांगा. तिने तुम्हाला 'बाबा, बरोबर का?' असं विचारलं तर परत पहिल्यापासून. तिने तिचा आकडा सांगायला हवा.

आणि बाहेरच्या फेरीत नळीच्या तोंडात टॉर्च मारून बघायची. हात लावायचा नाही, हीटर चालू राहिला असेल तर कातडी चिकटून निघते. तिला प्रश्न पडले तर इथेच लिहू दे. रविवारी सकाळी मी सिमवर नसतो.